पत्ते रुसले की खेळ बिघडला? डाऊनस्विंगचा हिशोब

पोकरच्या सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेम टेबलावर दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम, पोकरमधलं मोजमापाचं एकक) कमावणारा खेळाडू म्हणजे पक्का जिंकणारा खेळाडू. छोट्या स्टेक्सवर (लावायच्या रकमांवर) रेक, म्हणजे टेबलवाल्याची कपात, जाऊन एवढं हातात उरणं अजिबात सोपं नाही. आता हा खेळाडू १०,००० डाव खेळला, तर शेवटी तो तोट्यात असण्याची शक्यता किती? साधारण २९ टक्के. ५०,००० डावांनंतर सुमारे ११ टक्के. एक लाख डावांनंतरही ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे असे पंचवीस जण घेतले, तर त्यातला एक जण लाखभर डाव नीट खेळूनही उणे आकड्याकडे बघत बसलेला असतो.

हा हिशोब कागदावर कुणालाही करता येतो. या खेळात चढउताराचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, दर १०० डावांना साधारण ९० बिग ब्लाइंड असतं. तुमचं नेमकं किती ते पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर या डावांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (ट्रॅकरमध्ये) दिसतं. अपेक्षित कमाई डावांच्या प्रमाणात वाढते, चढउतार मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात. १०,००० डाव म्हणजे १०० शतकं. कमाई ५ गुणिले १००, म्हणजे ५०० ब्लाइंड. चढउतार ९० गुणिले १०, म्हणजे ९०० ब्लाइंड. ५०० च्या आजूबाजूला ९०० चा झोका असेल तर शून्याखाली जाणं ही रोजची गोष्ट झाली. कमाईचा दर अडीचवर आला की लाख डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता १९ टक्क्यांवर जाते, पाचातला एक जण. ओमाहा (हातात चार पत्त्यांचा पोकर) खेळणाऱ्यांनी विचलन १४० च्या वर धरावं. तिथे हे सगळे आकडे आणखी बिघडतात.

वेळेच्या मापात सांगायचं तर ऑनलाइन चार टेबलं लावली की तासाला अडीचशे-तीनशे डाव होतात, म्हणजे १०,००० डावांना ३५ ते ४० तास. मांडवीतल्या कॅसिनोच्या टेबलावर तासाला २५-३० डाव पडतात. तिथे शनिवार-रविवार मिळून दहा तास बसणाऱ्याला तेवढ्याच डावांना आठ-नऊ महिने लागतील. 'वर्षभर नुसता हरतोय' असं गोव्यात खेळणारा म्हणतो, तेव्हा ऑनलाइनवाल्याच्या दोन आठवड्यांची ती गोष्ट असू शकते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं स्पष्ट बोलू. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही. देशातल्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं तेव्हाच बंद केली. त्यामुळे पुढचं सगळं ब्रिटन, ओंटारियो, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा परवाना असलेल्या ठिकाणी खेळणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि यातला बराचसा भाग गोव्यातल्या टेबलालाही लागू पडतो. भारतात बसून परदेशी बेनामी साइटवर तोटा भरून काढायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला जागाच नाही.

आता मूळ प्रश्न. हरण्याची रांग, म्हणजे डाऊनस्विंग, लागली की तिच्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: पत्त्यांचा फेर, बिघडलेला खेळ, आणि स्वतःच्या कमाईच्या दराबद्दलचा चुकीचा अंदाज. तिघींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पत्ते फिरले असतील तर काहीच बदलायचं नसतं. खेळ बिघडला असेल तर दुरुस्ती लागते. अंदाज चुकला असेल तर स्टेक बदलावा लागतो. बहुतेक जण या तिन्हींवर एकच औषध घेतात, ते म्हणजे आणखी खेळणं.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही. ५०,००० डावांत तुमचा दर ५ दिसतोय. या मोजमापाची प्रमाण त्रुटी किती? ९० भागिले ५०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ४. दोन्ही बाजूंना दोन-दोन त्रुटी धरल्या तर खरा दर उणे ३ ते अधिक १३ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे 'मी पाचने जिंकणारा' हे वाक्य त्या आकड्यावर उभं राहू शकत नाही. पुष्कळांच्या बाबतीत सुरुवातीचे चांगले महिने हाच फेर होता, आणि आता जो तोटा दिसतोय ती खऱ्या दराकडे झालेली घसरण आहे. हे पचायला जड जातं. पण डाऊनस्विंगमध्ये पहिल्यांदा तपासायची गोष्ट हीच.

पत्त्यांचा फेर मोजायला ट्रॅकरमध्ये ऑल-इन ईव्हीची (अपेक्षित कमाईची) रेघ असते. सगळे पैसे आत गेले त्या क्षणी तुमचा हिस्सा किती होता, त्यावरून ती काढतात. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे सुमारे ८२ टक्के जिंकते. ८० टक्क्यांच्या पाच ऑल-इन लागोपाठ आल्या तर पाचही जिंकण्याची शक्यता ३३ टक्केच आहे. तीनदा बसला, तर त्यातल्या दोनदा निदान एक तरी पॉट हातचा जाणारच. खरी कमाई या रेघेच्या खूप खाली असेल तर ऑल-इनमध्ये नशीब साथ देत नव्हतं, एवढं कळतं.

एवढंच कळतं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. तुमच्या सत्तींच्या सेटसमोर (तीन सत्त्यांसमोर) नव्वींचा सेट उभा राहिला तर ती रेघ तुमच्या बाजूने जवळजवळ काहीच धरत नाही, कारण पैसे आत गेले तेव्हा तुम्ही मागेच होतात. ड्रॉ न लागणं, समोरच्याकडे नेमका मोठा किकर (जोडीसोबतचा पत्ता) असणं, ब्लफ केला त्याच वेळी त्याच्याकडे फुल हाऊस असणं, हे सगळं नशीबच, पण त्या रेघेत कुठेच येत नाही. त्यामुळे दोन्ही रेघा हातात हात घालून खाली चालल्या आहेत म्हणून 'माझाच खेळ वाईट' असा निकाल देऊ नये. 'ईव्हीच्या खाली आहे, म्हणजे खेळ उत्तम' हाही निकाल तितकाच कच्चा.

खेळ बिघडलाय का, याचा पुरावा दुसरीकडे सापडतो. शेवटचे दहा हजार डाव एका बाजूला आणि त्याआधीचे पन्नास हजार दुसऱ्या बाजूला ठेवा. सहा जणांच्या टेबलावर किती टक्के डावांत स्वतःहून पैसे टाकता हा आकडा नियमित खेळाडूंचा २२ ते २७ असतो. त्यात रेज करून (बेट वाढवून) शिरण्याचं प्रमाण त्याच्यापेक्षा तीन-चार अंकांनीच कमी असतं. ही फट वाढून आठ-नऊवर गेली असेल, तर तुम्ही नुसते कॉल करत शिरताय. शोडाऊनपर्यंत (शेवटी पत्ते दाखवण्यापर्यंत) जायचं प्रमाण २६-२७ वरून ३१ वर गेलंय आणि तिथे जिंकण्याचं प्रमाण खाली आलंय, असं दिसलं तर रिव्हरला (बोर्डवरच्या शेवटच्या पत्त्यावर) 'बघूया तरी काय आहे' म्हणून पैसे जाताहेत. पैसे टाकण्याचा आकडा हजारभर डावांत स्थिरावतो. शोडाऊनच्या जिंकण्याला फार जास्त डाव लागतात, म्हणून त्यातल्या दोन-तीन अंकांच्या फरकावरून घाबरू नका.

ब्लाइंडमधल्या तोट्याने दचकायचं कारण नाही. प्रत्येक वेळी पत्ते टाकून दिले तर बिग ब्लाइंडवर दर १०० डावांना १०० ब्लाइंड आणि स्मॉल ब्लाइंडवर ५० जातात. तिथे चांगले खेळाडूही तोट्यातच असतात, फक्त कमी. चिंता करायची ती बटनवरची (जिथे पाळी शेवटी येते त्या जागेवरची) कमाई आटली तर.

आणखी एक फिल्टर लावून बघाच: एक बाय-इन (टेबलावर बसताना आणलेली रक्कम) गेल्यानंतरचे तीस डाव. उरलेल्या खेळापेक्षा इथले आकडे वेगळे दिसले, तर टिल्टसाठी (भावनेच्या भरात खेळ बिघडण्यासाठी) दुसरा पुरावा शोधायला नको.

टिल्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चिडून ऑल-इन मारणारा माणूस येतो. ते रूप निदान दिसतं तरी. थ्री-बेटला (रेजवरच्या रेजला) आऊट ऑफ पोझिशन, म्हणजे समोरच्याच्या आधी पाळी असताना, कॉल करणं, एकाच खेळाडूच्या मागे लागणं, दोन सेकंदांत क्लिक, मधूनच शिल्लक रकमेकडे नजर, वरच्या स्टेकचं एखादं टेबल गुपचूप उघडणं. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र दिसल्या की उठायचं.

घात करतं ते दुसरं रूप, कारण ते शहाणपणासारखं दिसतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. चार वेळा रिव्हरने मारलं की पाचव्या वेळी टॉप पेअर (बोर्डवरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी) आणि एक्क्याचा किकर असूनही रिव्हरला चेक होतो. जिथे समोरचा कमी ताकदीच्या जोडीने कॉल करणार होता, तिथली बेट कापली जाते. थ्री-बेट आठ टक्क्यांवरून पाचवर येते. ब्लफ तर बंदच होतात. प्रत्येक निर्णय एकटा पाहिला तर 'सावध' वाटतो. एकत्र केले तर दर १०० डावांना तीन-चार ब्लाइंड सहज गळतात, म्हणजे ज्याचा दर ५ होता त्याचा जवळजवळ सगळा नफा. आलेखात शोडाऊनशिवायची लाल रेघ उभी घसरू लागते. डाऊनस्विंग नशिबाने सुरू होतो आणि या घाबरटपणाने लांबतो, असं माझं ठाम मत आहे. चिडका टिल्ट एका रात्रीत पैसे घालवतो. हा महिनोन्महिने पोखरतो.

यावर उपाय म्हणजे डाव तपासणं, आणि ते निकाल झाकून तपासणं. खेळताना फक्त टॅग लावा, विचार दुसऱ्या दिवशी करा. समोरच्याचे पत्ते लपवा, निर्णयाच्या जागी थांबा आणि मोजा. एक उदाहरण घेऊ. तुमच्याकडे किलवर एक्का आणि चौकट राजा. बोर्डवर इस्पिक राजा, बदाम नव्वी, बदाम चव्वी, किलवर सत्ती, चौकट दुर्री. पॉट १००, समोरून ५० ची बेट. ५० भरून एकूण २०० चा पॉट होणार, म्हणजे २५ टक्के वेळा पुढे असलात तरी पुरे. आता त्याच्याकडे काय काय असू शकतं? नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री यांचे सेट प्रत्येकी ३ प्रकारे, मिळून १२. एका रंगाचे राजा-नव्वी फक्त किलवरचे, १. तुम्हाला हरवणारे एकूण १३. कॉल करायला त्यांच्या तिसरा हिस्सा ब्लफ हवेत, म्हणजे पाच. न लागलेले बदाम मोजा: राणी-गुलाम, गुलाम-दश्शी, एक्का-पंजी, एक्का-तिर्री, अठ्ठी-छक्की. झाले पाच. हा खेळाडू हे पत्ते रिव्हरला मारतो असा अनुभव असेल तर कॉल बरोबर, मग त्याने दाखवला सेट का असेना. तो रिव्हरला कधीच ब्लफ करत नाही अशी नोंद असेल तर फोल्ड बरोबर, मग त्याच्याकडे काही नसलं तरी चालेल. दिवसाला असे पाच डाव पुरेत. पन्नास डाव वरवर चाळण्यात काही हाती लागत नाही. आणि फक्त हरलेले डाव तपासू नका. मोठे जिंकलेले पॉटही तितकेच घ्या, कारण नशिबाने झाकलेल्या चुका तिथेच दडलेल्या असतात.

पैशांचा बंदोबस्त. बँकरोल बुडण्याची शक्यता काढायचं सूत्र सोपं आहे: कमाईचा दर गुणिले बँकरोल गुणिले दोन, भागिले विचलनाचा वर्ग, आणि जो आकडा येईल तो e (२.७१८) ला ऋण घातांक म्हणून लावायचा. १०० ब्लाइंडचा एक बाय-इन धरून, दर ५ असेल तर २० बाय-इनवर बुडण्याची शक्यता साडेआठ टक्के येते, ३० बाय-इनवर अडीच टक्के. दर अडीच असेल तर ३० बाय-इनवर सुमारे १६ टक्के, आणि पाचच्या खाली यायला ५० बाय-इन लागतात. दर शून्य किंवा उणे असेल तर कितीही पैसे आणा, उपयोग नाही. वर पाहिलंच, की आपला खरा दर नेमका ठाऊक नसतो. म्हणून मी ३० ऐवजी ५० सुचवेन. टिल्टचा बराचसा भाग 'आता पैसे संपतील' या भीतीतून येतो, आणि ५० बाय-इनवाल्याला ती भीती उशिरा गाठते.

खाली कधी उतरायचं हे आकड्यात लिहून ठेवा. २५ डॉलरच्या बाय-इनवर खेळताय, बँकरोल १,२५० डॉलर आहे. तो ७५० वर आला की त्याच दिवशी १० डॉलरच्या टेबलावर. त्या स्टेकसाठी हे ७५ बाय-इन होतात, श्वास घ्यायला भरपूर जागा. इथे चूक होते ती अशी: माणूस ७५० वर थांबत नाही, 'हा एक सेशन बघू' म्हणत ४०० पर्यंत येतो आणि मग उतरतो. तोवर मन मोडलेलं असतं आणि खालच्या स्टेकवर 'इथले पैसे मोजायला नकोत' अशा बेफिकिरीने खेळून तिथेही हरतो. दुसरी चूक उलटी, म्हणजे तोटा लवकर भरावा म्हणून वर चढणं. दर तोच राहिला असं मानलं तरी बाय-इनची संख्या निम्मी झाली की बुडण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. आणि वरच्या टेबलावर दर तोच राहत नाही.

एका बसण्यात तीन बाय-इन गेले की उठायचं, हा नियम बहुतेकांना माहीत आहे. त्याचं कारण मात्र चुकीचं सांगितलं जातं. पत्त्यांना तुमचा तोटा ठाऊक नसतो, त्यामुळे उठल्याने पुढचं नशीब बदलत नाही. उत्तम खेळत असाल आणि टेबलही चांगलं असेल, तर गणिताच्या दृष्टीने उठण्यात तोटाच आहे. तरी नियम ठेवायचा, कारण तीन बाय-इन गेल्यावर आपण उत्तम खेळतोय की नाही हे ठरवणारा मेंदू तोच तापलेला असतो. त्याच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात हेच आहे. नफ्यात माणूस सावध होतो, तोट्यात जोखीम पत्करायला धावतो. पोकरमध्ये याचा ठसा सेशनच्या लांबीत उमटतो. ट्रॅकरमध्ये जिंकलेल्या आणि हरलेल्या सेशनची सरासरी वेळ काढा. जिंकलेले तासाभराचे आणि हरलेले तीन तासांचे निघाले, तर तुम्ही सर्वांत जास्त डाव तुमच्या सर्वांत वाईट अवस्थेत खेळताय. वेळ आधी ठरवून अलार्म लावणं हा यावरचा साधा उपाय.

सेटिंगमध्येही दोन-तीन गोष्टी बदलून ठेवा. आपोआप टॉप-अप बंद करा, म्हणजे प्रत्येक नव्या बाय-इनला हाताने होकार द्यावा लागेल. चार टेबलांची दोन करा. पटापट पुढच्या टेबलावर नेणारे झूम-छापाचे खेळ या काळात नकोत, कारण तिथे एका डावाचा राग निवण्याआधी दुसरा हात समोर येतो. डिपॉझिटची मर्यादा आजच लावा, शांत डोक्याने.

टुर्नामेंटवाल्यांचं दुखणं वेगळं. दर शंभरात १५ वेळा बक्षिसात येणारा खेळाडू ठीक समजला जातो. त्याने रविवारी २० टुर्नामेंट खेळल्या, तर एकाही बक्षिसाविना रविवार जाण्याची शक्यता ४ टक्के, म्हणजे वर्षातले दोन रविवार तसे जाणारच. शिवाय बक्षिसातला मोठा वाटा वरच्या काही जणांनाच मिळतो, त्यामुळे नुसतं बक्षिसात येऊन खर्च भागत नाही. शंभर बाय-इनचा डाऊनस्विंग इथे नवल नाही. दोनशे बाय-इन आणि कमी खेळाडूंच्या टुर्नामेंट, हाच आधार.

एक रेषा मात्र बँकरोलच्या हिशोबापलीकडची आहे. हरलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी धावणं, घरात खोटं बोलणं, खेळायला उसने घेणं, थांबायचं ठरवून थांबता न येणं. डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ मध्ये जुगाराच्या विकाराची नऊ लक्षणं दिली आहेत. बारा महिन्यांत चार आढळली तर तो आजार मानतात, आणि आजाराला विचलनाचं गणित लागू पडत नाही. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव घातलं की परवानाधारक साइट्स सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं बंद होतात. न्यू जर्सीत मदतीचा क्रमांक १-८००-४२६-२५३७.

परत येतानाचा क्रम असा ठेवा. निदान तीन दिवस टेबल नाही, फक्त डाव तपासणी. मग तीन सेशन, प्रत्येकी साठ मिनिटं, दोन टेबलं, एक स्टेक खाली, शिल्लक रकमेचा आकडा झाकून. सेशन संपलं की कॅशियर उघडण्याआधी स्वतःला निर्णयांवरून श्रेणी द्या: अ, ब किंवा क. तिन्ही अ किंवा ब आल्या तरच नेहमीच्या टेबलसंख्येवर जा, पण स्टेक तोच ठेवा. वरच्या उदाहरणात बँकरोल पुन्हा १,००० डॉलर झाला की २५ च्या टेबलावर परत. तिथे पहिले पाच बाय-इन गेले तर पुन्हा दहावर, कसलीही चर्चा न करता. हे आकडे टेबल उघडण्याआधी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवा.